डावा कोपरा

आमच्या मित्रमंडळातील एकाचा मुलगा उच्चशिक्षणासाठी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेला आहे. तेथे गेल्यावर पहिल्याच हिवाळ्याच्या तोंडावर त्याने वडिलांना काही छायाचित्रे पाठवली. विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे मैदान त्यांत होते. म्हणजे हातात चेंडू घेऊन पळण्याचा जो त्यांचा फुटबॉल आहे, त्याचे. त्या मैदानात लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. आमच्या निलंग्याची सगळी वस्ती तान्ह्या मुलांसह तेथे नेऊन बसवली, तरी निम्मे मैदानही भरणार नाही. मुलाने लिहिले होते की, विद्यापीठ सोडून पन्नास वर्षे झालेली म्हातारी माणसेसुद्धा त्या संघाच्या रंगाचे कपडे घालून येतात, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही विचारतात, ‘आपल्या संघाची तुमची सर्वांत चांगली आठवण कोणती, आणि सर्वांत वाईट कोणती?’ पत्राच्या शेवटी त्याने सहज विचारले होते, ‘बाबा, तुमच्या कॉलेजचा असा संघ होता का हो?’

हा प्रश्न घेऊन आमचा मित्र संध्याकाळी बसस्थानकासमोरच्या हॉटेलात आला. आम्ही पाचजण गेली कित्येक वर्षे तेथे जमतो. त्या संध्याकाळी चहाच्या तीन फेऱ्या झाल्या तरी प्रश्न संपला नाही, आणि त्यानंतरही काही महिने तो आमच्या मागे लागून राहिला. त्याचे जे झाले, ते येथे मांडायचे आहे. या लेखात ‘आम्ही’ असे येते, ते संपादकी थाटाने नव्हे. आम्ही खरोखरच पाचजण आहोत, आणि पाचांपैकी एकही जण कधी संघात नव्हता. आम्ही पाहणारे होतो.

संघ होता, आणि तो कबड्डीचा होता. फुटबॉल आमच्या बाजूला कधी रुजला नाही, मात्र त्याच्या गोष्टी आम्ही लहानपणी ऐकल्या होत्या. निलंगा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता. मग तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला, आणि १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाल्यावर लातुरात. त्यामुळे आमच्या वडिलांच्या पिढीतील जे थोडे लोक शिकले, ते हैदराबादेस शिकले. सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेला हैदराबाद पोलिसांचा फुटबॉल संघ हा त्या मंडळींचा जिव्हाळ्याचा विषय. या संघाने १९५० पासून लागोपाठ पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला, आणि त्याच रहीम यांच्या हाताखालचा भारतीय संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. वडीलमंडळी हे उर्दूमिश्रित मराठीत सांगत, तेव्हा ‘हमने जीता’ असे म्हणत. ‘हमने’ म्हणजे नेमके कोणी, हा प्रश्न तेव्हा आम्हांला पडला नाही.

गावाकडे मात्र मान होता तो कुस्तीला. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे रुस्तुम-ए-हिंद. १९७७ साली बेळगावात त्यांनी सतपाल यांना चीत केले, ती कुस्ती आमच्या तालुक्यात प्रत्येकाने पाहिली आहे. न पाहिलेल्यांनी तर अधिकच बारकाईने. परंतु मल्ल हा अखेर एकटा असतो. त्याच्या अंगाला लागलेली माती त्याची एकट्याची असते. आपण त्याला खांद्यावर घेऊ शकतो, फेटा बांधू शकतो, पण ‘आपण कुस्ती जिंकलो’ असे सहसा कोणी म्हणत नाही. सात जणांच्या संघाचे तसे नाही. तेथे आठवा, नववा आणि नव्वदावा होण्याची सोय असते. आम्ही ती सोय पुरेपूर घेतली.

आम्ही महाविद्यालयात गेलो ते १९९० साली. त्याच वर्षी बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पहिल्यांदाच पदकाचा खेळ म्हणून आली आणि भारताने सुवर्णपदक मिळवले. आजोबा ज्याला हुतूतू म्हणत आणि आई ज्यावरून फाटलेली चड्डी दाखवून मारत असे, तो खेळ एकदम प्रतिष्ठित झाला. महाविद्यालयाच्या मागे मैदान होते. आमची जमीन काळी. पावसात चिकट आणि उन्हाळ्यात भेगाळलेली, तिच्यावर कबड्डीचे मैदान धरत नाही. म्हणून बिदरच्या बाजूची तांबडी माती ट्रॅक्टरने आणून, चाळून, पाणी मारून ते केले होते. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. संघातील मुले सकाळी स्वतः पाणी मारीत, फक्कीने रेषा आखीत. एका बाजूला सुबाभळीची रांग होती. तिच्या सावलीत, आणि सामना मोठा असेल तर तिच्या फांद्यांवर, आम्ही.

संघातील मुले बहुतेक खेड्यांतली. सकाळी पहिल्या एस.टी.ने यायची, डब्यात ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आम्ही गावातले, आमच्या वह्यांना कव्हरे असत. एरवी वर्गात या मुलांशी आमचे फारसे बोलणे नसे, हे आज कबूल केलेले बरे. सामन्याच्या दिवशी मात्र ती आमची होत. त्यांच्या पिवळ्या बनियनवर लाल अक्षरांत ‘निलंगा’ असे रंगवलेले होते. आज ‘निलंगा राईस’ या पाट्यांमुळे आमच्या गावाचे नाव लातुरात आणि पुण्यातही हातगाड्यांवर वाचायला मिळते. १९८५ साली शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री झाले, तेव्हा ते काही महिने रोज वर्तमानपत्रात येई. आमच्या कॉलेजच्या दिवसांत मात्र ते त्या सात बनियनांवर होते, आणि ते दुसऱ्या गावात जाऊन आले की आम्हीच जाऊन आल्यासारखे वाटे.

या संघातील एका खेळाडूविषयी सांगायचे आहे. त्याचे नाव येथे देत नाही. आम्हीही त्याला नावाने क्वचितच हाक मारली. तो डावा कोपरा. कबड्डी न खेळलेल्या वाचकांसाठी सांगतो: चढाई करणारा समोरून आला की सात बचावपटू अर्धवर्तुळात सरकतात, आणि त्या अर्धवर्तुळाची दोन टोके म्हणजे कोपरे. चढाईपटू खोल आत आला की कोपऱ्याने झेप घेऊन त्याचा घोटा धरायचा, आणि त्याच क्षणी मधल्यांनी येऊन त्याला झाकायचे. कोपरा एकटा पुरत नाही. त्याने धरले आणि बाकीचे अर्धा क्षण उशिरा आले, तर चढाईपटू त्या सगळ्यांना ओढत मध्यरेषेपर्यंत हात पोचवतो, आणि जितक्यांचा स्पर्श झाला तितके बाद. म्हणून कोपरा आणि त्याच्या शेजारचा एकमेकांचा हात धरून सरकतात. कधी जायचे, हे त्या हाताच्या दाबाने किंवा एका शब्दाच्या हाळीने ठरते. हे सगळे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. आम्हांला दिसे ती झेप.

आमची सर्वांत चांगली आठवण १९९१ सालची, आणि तिच्याबद्दल पाचांचे एकमत आहे. लातूरच्या एका मोठ्या महाविद्यालयाचा संघ आमच्या मैदानावर आला होता. त्यांच्याकडे सारखे बूट होते, प्रशिक्षक होते, आणि एक चढाईपटू असा होता की त्याला पाहायलाच निम्मा गाव लोटला होता. मध्यंतरापर्यंत त्याने आमचे मैदान दोनदा रिकामे केले, दोन लोण. हलगीवाला वाजवायचा थांबून विडी ओढू लागला. उत्तरार्धात आमचे तिघेच मैदानात उरले असताना तो चढाईपटू निवांत चालत आत आला. डाव्या कोपऱ्याने त्याचा घोटा धरला. धरला म्हणजे असा की तो माणूस जागच्या जागी बसला. मधला येऊन पडला, तिसरा येऊन पडला, आणि चढाईपटूचा ‘कबड्डी-कबड्डी’ हा घोष धुळीत विझला. पुढच्या दहा मिनिटांत हे आणखी दोनदा झाले. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. सुबाभळीची एक फांदी आम्हां तिघांसकट खाली आली. आमच्यातल्या एकाच्या हनुवटीवर त्या दिवसाचा वण अजून आहे आणि तो दाढी ठेवीत नाही, ती त्याचसाठी असा आमचा संशय आहे.

त्या रात्री गावभर एकच वाक्य होते: ‘आपण जिंकलो.’

येथे जरा भाषेकडे वळतो. मराठीत अनेकवचनी प्रथमपुरुषाला दोन सर्वनामे आहेत. ‘आपण’ म्हणताना ऐकणारा त्यात धरलेला असतो. ‘आम्ही’ म्हणताना तो बाहेर असतो. हिंदी-उर्दूच्या ‘हम’मध्ये हा भेद नाही. तेलुगूत आहे, ‘मनमु’ आणि ‘मेमु’ असा. आणि मराठीला तो द्राविडी शेजारातून लाभला असावा, असे भाषेचे अभ्यासक मानतात. आमचा मुलूख याच शेजाराच्या सीमेवरचा. तेव्हा या भेदाची जाण आम्हांला तरी असायला हवी होती. जिंकल्यावर आम्ही त्या सात मुलांना धरून ‘आपण’ म्हणालो. पुढच्या वर्षी हे सर्वनाम आम्ही कसे वापरले, ते आता सांगतो.

१९९२ ची दिवाळीची सुट्टी संपल्यावर आंतरमहाविद्यालयीन सामने झाले. मराठवाड्यातील आमच्यासारख्या सगळ्या महाविद्यालयांना तेव्हा एकच विद्यापीठ होते, १९५८ साली स्थापन झालेले, औरंगाबादचे. विभागात जो जिंकेल, तो पुढे रात्रभराचा एस.टी. प्रवास करून औरंगाबादेस जाणार होता. विभागाचा अंतिम सामना शेजारच्या तालुक्यात. आमच्या गावाला रेल्वे नव्हती. दोन टेम्पो भाड्याने ठरवले, हलगीवाला बरोबर घेतला आणि शंभरावर माणसे घेऊन आम्ही गेलो. मैदानाच्या डाव्या अंगाला दोरीच्या अगदी लगत आम्हांला जागा मिळाली. तिचा आम्हांला अभिमान वाटला. डावा कोपरा तेथून हाताच्या अंतरावर होता. त्याच्या पाठीवरची माती दिसत होती.

सामना शेवटच्या चढाईपर्यंत गेला. आम्ही एकवीस, ते वीस. चढाई त्यांची. मैदानात आमचे चौघे. चौघांनी काहीही न करता मागे सरून उभे राहिले असते आणि चढाईपटूला रिकाम्या हाताने परत जाऊ दिले असते, तर सामना आमचा होता. चढाईपटू आला, उजवीकडे झुकला, मग डावीकडे. आणि आमच्या डाव्या कोपऱ्याने झेप घेतली. घोटा हातात आला. मात्र बाकीचे तयार नव्हते. दोघे धावत येऊन पडले, एकामागून एक, आणि त्या धिप्पाड गड्याने तिघांना घेऊन मध्यरेषेवर हात टेकवला. तीन गुण. एकवीस-तेवीस.

आम्ही त्याला काय काय बोललो, ते लिहवत नाही. त्यातले एकच लिहितो, कारण ते टिकले. कोणीतरी म्हणाले, ‘इकलं गेलंय बे हे.’ त्या गावात त्याची आत्या दिली होती, एवढाच पुरावा. परत येताना एका टेम्पोत ही शंका होती, गावात पोचेपर्यंत ती दोन्ही टेम्पोंत माहिती झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर रकमेसकट बातमी. कोणी म्हटले, हे आम्हां पाचांपैकी कोणालाही आठवत नाही. आम्ही तसे आठवून पाहिले आहे. प्रत्येकाला एवढेच आठवते की, आपल्या शेजारचा म्हणाला. त्या रात्री ‘आपण हरलो’ असे गावात एकानेही म्हटले नाही. ‘पोरांनी घालवली’ असे म्हणाले, ‘त्याने घालवली’ असे म्हणाले. संघ एका संध्याकाळीत ‘आपण’मधून बाहेर पडला होता. खरे तर आम्हीच त्यातून उठून गेलो होतो आणि त्यांना मैदानात ठेवून आलो होतो.

दुसऱ्या आठवड्यात आमच्यातला एकजण सकाळी मैदानावरून जात होता. तेथे डावा कोपरा एकटा मातीला पाणी मारीत होता. आमच्या मित्राने मान खाली घालून सायकल पुढे काढली. त्यानंतर त्याने संघ सोडला, असे कळले. तो वर्गात मागच्या बाकावर बसे. आम्ही पुढच्या.

पुढचे वर्ष १९९३ चे. ते कोणत्याही खेळाच्या आठवणीत बसत नाही. २९ सप्टेंबरच्या रात्री गणपती बोळवून लोक निजले आणि ३० तारखेच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. केंद्र किल्लारीच्या परिसरात, आमच्या गावाहून फार लांब नाही. आमच्याकडची जुनी घरे म्हणजे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि लाकडी सऱ्यांवर हातभर मातीचे माळवद. उन्हाळ्यात त्याखाली गारवा असतो. त्या पहाटे ती माळवदेच निजलेल्या माणसांवर बसली. हजारो माणसे गेली. पुढे बावन्न गावे उठवून नव्या जागी वसवावी लागली. त्या दिवसांचे वर्णन करण्याची आमची योग्यता नाही. आमच्यापैकी कोणी लातूरच्या दवाखान्यात होते, कोणी कपड्यांचे ट्रक उतरवीत होते, दोघे घाबरून घरासमोरच्या रस्त्यावर खाटा टाकून बसले होते. एवढे मात्र सांगायला हवे की, कबड्डी संघातील मुले पहिल्याच दुपारी गेली आणि बरेच दिवस तिकडेच राहिली. लाकडी सऱ्या उचलायला दमाची माणसे लागत. संघ सोडलेला डावा कोपराही त्यांच्यात होता. परत आल्यावर ती मुले कोणाशी फार बोलत नसत. आपसांत मात्र बोलत. डावा कोपरा पुन्हा संघात आला, तो तेथूनच, ढिगाऱ्यावरून. त्याला कोणी बोलावले आणि तो काय म्हणाला, हे आम्हांला ठाऊक नाही. ते आमच्यासमोर घडले नाही.

त्या वर्षीचे सामने लांबले आणि डिसेंबरात नांदेडला झाले. आमच्यातले कोणीही गेले नाही. टेम्पो नाही, हलगी नाही. मुले एस.टी.ने गेली, राखीव खेळाडूही न घेता, सातच. पहिल्याच सामन्यात हरून दुसऱ्या दिवशी परतली. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर निकाल लागला, एका ओळीत. आम्ही तो वाचला की नाही, यावरही आमचे एकमत नाही.

पुढल्या वर्षी सप्टेंबरच्या १७ तारखेस, मराठवाडा मुक्तीच्या दिवशी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि आमचे महाविद्यालय औरंगाबादकडून तिकडे गेले. आमच्या पदव्या होऊन आम्ही पांगलो, आणि दहा-पंधरा वर्षांनी, कोणी बदली घेऊन, कोणी वडिलांचे दुकान घेऊन, पुन्हा गावी जमलो. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हा याच हॉटेलातल्या टी.व्ही.वर आम्ही ती पाहिली. मातीच्या जागी मॅट, पायांत बूट, चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ. कोपऱ्याची झेप संथ गतीने पुन्हापुन्हा दाखवीत. त्यामुळे आम्हांला प्रथमच दिसले की, झेपेच्या आधी कोपरा आणि त्याच्या शेजारचा यांच्या हातांत काहीतरी घडते. एक बारीक दाब. एकजण म्हणाला, ‘हे आपल्याला कधी दिसलं नाही लेका.’ त्यावर कोणी काही बोलले नाही.

तर मिशिगनहून प्रश्न आला, तो या सगळ्यावर. सर्वांत चांगली आठवण सांगायला आम्हांला अर्धे मिनिट लागले. सर्वांत वाईट सांगायला तीन फेऱ्या चहा. पहिल्या फेरीत आम्ही म्हणालो, १९९२ चा पराभव. दुसऱ्या फेरीत एकाने म्हटले की, पराभव नव्हे, त्यानंतर आपण जे बोललो ते. तिसऱ्या फेरीत सायकलवाला मित्र म्हणाला, ‘माझी तर ती सकाळ.’ तीस वर्षांत त्याने ती सकाळ आम्हांला सांगितलेली नव्हती.

आणि योग असा की, त्यानंतर काही महिन्यांनी, वैशाखात, एका लग्नात डावा कोपरा आम्हांला भेटला. केस पांढरे, खांदे तसेच. आपल्या गावी शेती करतो, सोयाबीन आणि तूर. त्याने आम्हांला ओळखले. पंगतीला शेजारी बसवून घेतले. आमच्यातल्या एकाने धीर करून मिशिगनच्या पत्राची हकिकत सांगितली आणि विचारले, ‘तुमची वाईट आठवण कोणती?’ आपण त्याला ‘तुम्ही’ म्हणतो आहोत, हे आमच्या लक्षात आले. कॉलेजात आम्ही अरे-तुरे करीत होतो.

तो थोडा हसला. म्हणाला, ‘ती फायनल की. दुसरी कुठली? मागं सरून उभं ऱ्हायचं ठरलं होतं आमचं. आमच्या मधल्यानं धरायचं म्हटलं तरच धरायचं. तेवढ्यात मागून हाळी आली, धर म्हणून. मला वाटलं, त्यानंच दिली. गेलो.’

‘मग त्यांनी दिली नव्हती?’

‘नव्हती. कुणी दिली काय म्हाईत. तुम्ही लोक लई वरडत होता त्या दिवशी.’

हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. ‘त्या वर्षी पाऊस उशिरा आला’ हे जसे सांगावे, तसे सांगितले, आणि वाढप्याला वरण आणायला सांगितले. आमच्या पाचांच्या ताटांत मात्र बराच वेळ काही हलले नाही. दोरीला लागून, त्याच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर कोण बसले होते, हे आम्हांला ठाऊक होते. ‘धर’ कोण ओरडले, ते ठाऊक नाही. पाचही ओरडत होते. शंभर माणसे ओरडत होती. जो अफवेचा धनी सापडत नाही, तोच या हाळीचाही सापडत नाही. अनेकांच्या ‘आम्ही’त एकट्याला लपायला पुष्कळ जागा असते, आणि तीस वर्षे आम्ही तेथे बऱ्यापैकी आरामात राहिलो.

विषय बदलावा म्हणून दुसऱ्या मित्राने विचारले, ‘आणि चांगली? लातूरवाल्यांना हरवलं, तीच ना?’

त्याने मान हलवली. ‘ती बी चांगली होती. पण माझी नांदेडची.’

‘नांदेडला तर हरला होता तुम्ही.’

‘हरलो की. चांगलं वीस गुणांनी हरलो. दोन महिने कुणी सराव केला नव्हता, हाताला जखमा होत्या सगळ्यांच्या.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘पण त्या दिवशी आम्ही सातच होतो. कुणी वरडायला नव्हतं. एकमेकाचा दम ऐकू येत होता.’

त्याचे ‘आम्ही’ आम्हांला स्पष्ट ऐकू आले. व्याकरणाच्या पुस्तकात असते तसे ते अचूक होते. त्यात सात माणसे होती आणि ऐकणारा धरलेला नव्हता. त्या सातांनी ढिगाऱ्यातून काय काय एकत्र उचलले होते आणि नंतर हात धरून अर्धवर्तुळात उभे राहताना त्यांना काय वाटले असेल, याचा विचार आम्ही प्रथमच, त्या पंगतीत केला. ज्या सामन्याचा निकाल आम्ही फलकावर वाचला की नाही हेही आठवत नाही, तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत चांगला सामना होता. आणि तो तसा असण्याचे एक कारण आमचे तेथे नसणे हे होते.

येथे कोणी म्हणेल की, प्रेक्षकाशिवाय खेळ कसला? आमचेही तसेच मत आहे. पाहणाऱ्याशिवाय बनियनवरचे ‘निलंगा’ कोणी वाचले असते? १९९१ ची ती दुपार खोटी नव्हती, आणि सुबाभळीवरून आम्ही पडलो ते प्रेमानेच पडलो. पण प्रेमाचा हक्क सांगताना आम्ही एक गोष्ट विसरत होतो. जिंकलेल्या संघात शिरायला कोणी अडवत नाही, हरलेल्या संघात मात्र थांबून राहावे लागते. ते आम्हांला जमले नाही. ओरडण्याचा दम आमच्याकडे भरपूर होता. दुसऱ्या आठवड्यात सायकल थांबवून त्याच्याबरोबर दोन बादल्या पाणी मारण्याचा नव्हता.

आम्ही त्याची क्षमा मागितली का, असा प्रश्न घरी आमच्यातल्या एकाच्या पत्नीने विचारला. नाही मागितली. लग्नाची पंगत होती, मागे दुसरी पंगत खोळंबली होती, आणि आमच्या पिढीतल्या पुरुषांना हे शब्द ताटावर बसून उच्चारता येत नाहीत. हात धुताना सायकलवाला मित्र त्याच्या शेजारी बराच वेळ उभा राहिला. नळ बंद झाला तरी. काय बोलले, ते त्याने आम्हांला सांगितलेले नाही, आणि आम्ही विचारले नाही. तो एवढ्या वर्षांत आमच्या ‘आम्ही’मधून पहिल्यांदाच एकटा बाहेर गेला होता.

मिशिगनला उत्तर गेले आहे. संघ होता, कबड्डीचा होता, चांगला होता, एवढेच त्यात लिहिले. बाकीचे मुलगा सुट्टीत आल्यावर सांगायचे आहे.

निघताना डावा कोपरा मोटारसायकलवर बसला, किक मारली आणि म्हणाला, ‘इथं काय बोलणं होतंय? या की एकदा शेताकडं. निवांत बसू आपण.’ हे ‘आपण’ त्याने नेहमीच्या आदरातिथ्याने म्हटले की आणखी कशाने, यावर हॉटेलात दोन संध्याकाळी खल झाला आणि निर्णय लागला नाही. सोयाबीन निघाले की जायचे, असे ठरले आहे.